बाळंतिणीचा पत्ता

सरकारी रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात घरी सोडायची वेळ साधारण दुपारची. सकाळचा राउंड झालेला असतो, बाळाला बीसीजी टोचलेली असते, पोलिओचे थेंब पाजलेले असतात आणि खाली व्हरांड्यात नातेवाईक दुपटी, टोपडी, थर्मास घेऊन बसलेले असतात. सिस्टर कागद पुरे करत एकेका खाटेशी जाते. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बरीच वर्षं काम केलं. या वेळेला वरून फोन आला की मजकूर ठरलेला असे : "मॅडम, एक बाई आहे. नाव सांगते, पत्ता सांगत नाही."

'सांगत नाही' असंच सिस्टर म्हणायची. तो नसतोच, हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशा एकीची गोष्ट सांगते. वय विशीच्या आसपास. कळा सुरू झाल्यावर फुटपाथवरच्याच एका म्हातारीने तिला रिक्षात घालून आणलं होतं. आधी कुठे नाव घातलेलं नव्हतं, म्हणजे आमच्या भाषेत 'अनबुक्ड केस'. रक्त कमी, बाळ जेमतेम दोन किलोचं. वॉर्डात तिचं कुणी वाईट केलं नाही, हे मुद्दाम सांगते. मावशींनी आपल्या डब्यातली भाकरी दिली, शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने बाळाला जुनं दुपटं दिलं. पण खाटा कमी, बायका जास्त. बरी झालेली बाई किती दिवस ठेवणार? मी चार ठिकाणी फोन केले. एका संस्थेने सांगितलं, ओली बाळंतीण आम्ही घेत नाही, जोखीम असते. दुसरीकडे म्हणाले, बाईला घेतो, बाळाची सोय आमच्याकडे नाही, ते शिशुगृहात द्या. तिसरीकडे पोलिसांचं पत्र हवं होतं. चौथीकडे आधार कार्ड. पाचव्या दिवशी मी तिला विचारलं, "कुठं जाशील गं?" ती म्हणाली, "आली तिथंच." ते 'तिथं' म्हणजे उड्डाणपुलाखाली, दोन खांबांच्या मधली जागा.

त्या चार फोनांवर एकही माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपापला नियम सांगितला. ते नियम शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं ते असं : आपल्याकडे प्रसूतीची सोय आहे, टाकलेल्या बाळाची सोय आहे, निराधार बाईचीही थोडीफार आहे. पण बाई बाळाला कुशीत घेऊन दारात उभी राहिली की कुणी दार उघडायचं, हे ठरलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच, की या दोघांना एकत्र राहता येईल असं घर देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते घर बाळंतपणाच्या चार दिवसांपुरतं न ठेवता मूल चालू-बोलू लागेपर्यंत द्यायला हवं.

बाळंतिणीला काय लागतं, हे मराठी घराला कुणी शिकवायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की मुलीला आणायचं, आणि मग सव्वा महिना उबदार खोली, कानाला रुमाल, शेकशेगडी, बाळंतशोपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावायला येणारी बाई. या रीतीत विटाळाची शिवाशिवही होती. ती गेली ते बरंच झालं. पण मूळ हिशेब पक्का होता. पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर, रात्री बाळ रडलं तर घ्यायला दुसरे हात, आणि हे सगळं बाईने तोंड न उघडता. लाडवात डिंक पडतो की नुसता गूळ, हा ऐपतीचा प्रश्न. सव्वा महिना मात्र कुणी नाकारत नाही. मग जिचं माहेर मेलंय, किंवा माहेरानेच जिला बाहेर काढलंय, तिचा सव्वा महिना कुणाच्या अंगावर?

आणि अशा बाया कोण असतात? लग्नाचं वचन देऊन कुणी पळालेला असतो, ती. नवऱ्याने सातव्या महिन्यात मारून हाकललेली. पोटुशी असतानाच विधवा झालेली आणि सासरी 'पांढऱ्या पायाची' ठरलेली. परराज्यातून बिगारीकामाला आलेली आणि काम संपल्यावर मुकादमाने सोडून दिलेली. मन थाऱ्यावर नसलेली, एसटी स्टँडवर राहणारी, जिच्या पोटात कुणाचं मूल आहे हे तिलाही सांगता येत नाही. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली'त अशाच रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायका राहतात, आणि तिथे त्यांची मुलंही जन्मली आहेत, वाढताहेत. आई आणि मूल एकत्र ठेवता येत नाही असं जे सांगतात त्यांनी तिथे एक चक्कर मारावी.

या प्रश्नावर महाराष्ट्राने अगदी नेमकं उत्तर एकदा देऊन ठेवलेलं आहे. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या तरुण विधवेला फसवणुकीतून मूल झालं, भीतीपोटी तिने ते मारलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने फसवलं त्याचं काय झालं, हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. आताही फारशी नाही. फुले दांपत्याने विधवांसाठी शहरात जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा, की इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे आल्याचं जोतिरावांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांतल्याच एकीचं मूल त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत, ज्याच्याबरोबर प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई गेल्या.

पुढे १८७५ साली पंढरपूरला प्रार्थना समाजाने बालकाश्रम काढला. यात्रेच्या गर्दीत येऊन बाळंत व्हायचं आणि मूल तिथेच सोडून परतायचं, ही त्या काळातल्या विधवांची वाट होती. विठोबाच्या गावात बाळं का सापडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला 'कृपासदन' उभं केलं ते अशाच बायकांसाठी.

या सगळ्यांत फुल्यांची जाहिरात मला वेगळी वाटते ती 'तुमच्या मर्जीवर' या शब्दांमुळे. आज दीडशेहून जास्त वर्षांनी माझ्या चार फोनांपैकी एकानेही त्या मुलीला तिची मर्जी विचारली नाही. बाळ दे, मग छप्पर देतो, असं सरळ कुणी म्हणत नाही. नियमच तसं म्हणतात.

आता कागदावर काय आहे ते बघू. केंद्राच्या 'मिशन शक्ती' या बायकांसाठीच्या योजनेत 'शक्ती सदन' आहे. जुनी स्वाधार गृहं (निराधार बायकांची) आणि उज्ज्वला गृहं (देहव्यापारातून सोडवलेल्या बायकांची) २०२२ मध्ये एकत्र करून ते नाव दिलं. निराधार, संकटातली बाई तिथे साधारण तीन वर्षांपर्यंत राहू शकते, बरोबर मुलं ठेवू शकते. त्याआधी दोन-चार दिवसांच्या आसऱ्याला 'सखी' वन स्टॉप सेंटर. नोकरी लागल्यावर 'सखी निवास', म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह. शिडी चांगली दिसते. प्रत्यक्षात बाळंतिणीचा पाय नेमका जिथे पडायचा तिथली पायरी नाही. शक्ती सदनात दाई नाही, रात्री बाळ काळंनिळं पडलं तर बघणारी नर्स नाही, पाच-सहा पाळणे ठेवायला खोली नाही, म्हणून अधीक्षिका घाबरते आणि 'जोखीम' हा शब्द वापरते. मला तिचा राग येत नाही. एखादं बाळ दगावलं तर चौकशी तिचीच होणार. सखी निवासात जायला पगार लागतो, आणि दोन महिन्यांचं मूल अंगावर असलेल्या बाईला पगार कोण देणार?

आणखी एक गोष्ट. स्वाधार गृहात मुलगा आठ वर्षांचा झाला की त्याला आईपासून काढून बालगृहात पाठवायचा नियम होता. आता ती मर्यादा बारा वर्षांवर नेली आहे, हे चांगलं झालं. तरी नियमामागचा विचार बघा : बाईची सोय बायकांत, मुलाची सोय मुलांत. कुटुंब म्हणून त्यांच्याकडे बघणारा रकाना फॉर्ममध्येच नाही.

शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्यांचं असंच. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचं मोजमाप होतं, की एक लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे निवारे सव्वाशेच्या आसपास हवेत. महापालिका त्याच्या जवळपासही कधी गेलेली नाही. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर आणि राज्यात दोन लाख दहा हजारांच्या आसपास बेघर मोजले होते. रस्त्यावर झोपणारा माणूस मोजणीच्या रात्री जागेवर सापडेलच असं नाही, आणि पोटुशी बाई तर रात्री मुद्दाम दिसेनाशी होते. तिला लपून झोपावं लागतं.

पैसे नाहीत असंही नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. पूर्वी नवऱ्याचं आधार कार्ड सक्तीचं होतं. एकल आया वगळल्या जातात हे लक्षात आल्यावर ती अट गेली. स्वतःचं आधार आणि बँकेतलं खातं मात्र लागतंच. राज्याची बालसंगोपन योजना एकल आईच्या मुलामागे महिना २,२५० रुपये देते. संजय गांधी निराधार योजनेत १,५०० रुपये मिळतात, पण अट अशी, की महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. निराधार असल्याचं सिद्ध करायला आधी पंधरा वर्षांचा आधार दाखवा! लाडकी बहीण एकवीस वर्षांवरच्यांसाठी, आणि अविवाहित असेल तर कुटुंबातली एकच. मला वॉर्डात भेटलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी एकवीसच्या आतल्या होत्या, आणि कुटुंब असतं तर त्या माझ्यापर्यंत आल्याच नसत्या.

या प्रत्येक योजनेच्या दारावर एकच पाटी आहे : पत्ता. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, ते नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून भाड्याची खोली नाही, म्हणजे पुन्हा पत्ता नाही. समजा एखादीने धुण्याभांड्याची कामं करून डिपॉझिट जमवलं, तरी चाळीत एजंटचा पहिला प्रश्न असतो, "मिस्टर काय करतात?" ऐंशीच्या दशकात संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हापासून टाकलेल्या बायका स्वतंत्र रेशनकार्ड मागत आल्या. तेव्हा काहींना ती मागणी किरकोळ वाटली असेल. ती पत्त्याचीच मागणी होती.

कायदा या बाबतीत खात्यांच्या बराच पुढे आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व घेताना बापाचं नाव उघड करायची सक्ती करता येणार नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिलं की मुलाचा जन्मदाखला द्यावाच लागेल. २०२२ मध्ये गर्भपाताच्या बाबतीत विवाहित-अविवाहित हा भेद त्याच न्यायालयाने काढून टाकला. बाल न्याय कायदा, २०१५ म्हणतो, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. बेघर आईच्या बाळाच्या बाबतीत तो पहिला उपाय होतो.

याच कायद्यात एक दयाळू तरतूद आहे. आईने बालकल्याण समितीसमोर बाळ सोपवलं, तरी तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. मला प्रश्न पडतो, हा फेरविचार तिने कुठे बसून करायचा? पुलाखाली? अंगावरचं दूध आटलेलं नाही, रात्री झोपायची शाश्वती नाही, आणि साठ दिवसांत ठरव, मूल हवंय की नको. काही जणींना मूल खरोखरच नको असतं. त्यांना ते सुखाने, कुणाचंही प्रवचन न ऐकता देता आलं पाहिजे. दत्तक गेलेली किती तरी मुलं छान वाढलेली मी पाहिली आहेत. पण 'देते' म्हणालेल्या बाईला मी सवयीने एक प्रश्न विचारत असे : राहायला खोली मिळाली तर? काही जणी तरीही 'देते'च म्हणायच्या. काही रडायला लागायच्या. त्या दुसऱ्या जणींची सही घेताना माझा हात जड व्हायचा, आणि मी ती घेतलेली आहे, हेही सांगून टाकते.

विरोधात जे बोललं जातं ते मला पाठ आहे. अशी सोय केली तर असली प्रकरणं वाढतील, हे पहिलं. १८६३ मध्येही हेच म्हटलं गेलं असणार. डिंकाच्या लाडवांच्या आशेने कुणी गरोदर राहत नाही. दुसरं म्हणणं जरा वजनदार आहे : घरच्यांशी समेट घडवा, संस्था कशाला? समेट होत असेल तर जरूर करावा. पण ज्या घरातून मार खाऊन बाई निघाली त्याच घरी तिला बाळासकट परत पाठवण्याला आपण फार लवकर 'पुनर्वसन' म्हणतो. सरकारी तक्त्यात ती यशस्वी प्रकरणांत जमा होते, पुढच्या वर्षी पुन्हा येते, कधी येत नाही. तिसरं म्हणजे सिंधुताई सपकाळांचं उदाहरण. नवव्या महिन्यात घराबाहेर काढलेली विशीतली बाई गोठ्यात बाळंत झाली आणि पुढे हजारांची माई झाली. त्यांच्यापुढे हात जोडावेतच. मात्र त्यांची गोष्ट सांगून झाल्यावर सभागृहात टाळ्या पडतात तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. गोठ्यात बाळंत होऊन संपलेल्या बायकांची सभा भरत नाही.

एक धोका मात्र मी मान्य करते. अशा बायकांसाठी घर बांधायचं ठरलं की त्याला कुंपण, कुलूप आणि वहीत सही येते, आणि मग ते घर राहत नाही. आयर्लंडमध्ये लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींसाठी आई-बाळ गृहं होती. बहुतेक ठिकाणी नन्सचा कारभार, सरकारचा पैसा, आणि समाजाची नजर दुसरीकडे. त्यांतल्या अठरा संस्थांची चौकशी झाली, २०२१ च्या जानेवारीत अहवाल आला, आणि तिथे सुमारे नऊ हजार मुलं दगावल्याचं देशाला कळलं. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर अत्याचार होत होते ते २०१८ मध्ये बाहेर आलं, तेही मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुकडीने सामाजिक लेखापरीक्षण केलं म्हणून. तेव्हा मी आश्रम मागत नाहीये. दिवसा दार उघडं असलेलं, बाईकडे तिच्या खोलीची किल्ली असलेलं, ज्यात बाहेरची माणसं येऊन-जाऊन असतात असं घर मागते आहे. गुप्तता लागेल तिला गुप्तता, पण तिच्या मागणीवरून. संस्थेच्या सोयीसाठी नको.

असं घर आपल्याच सरकारला ठाऊक आहे. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार अशा भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी 'माहेरघर' नावाची योजना आहे. दूरच्या पाड्यावरची बाई दिवस भरत आले की चार दिवस आधी तिथे येऊन राहते, बरोबर धाकटी मुलं आणि एखादं नात्यातलं माणूस. जेवणखाण तिथेच. नाव किती चांगलं दिलंय! पाड्यावरच्या बाईला रुग्णालय लांब पडतं म्हणून सरकार तिचं माहेर होतं. शहरातल्या बाईला रुग्णालय समोर दिसत असतं आणि माहेर नसतं, तिच्यासाठी मात्र नाही. हीच योजना शहरात आणायची, आणि ती बाळंतपणाच्या अलीकडे संपवण्याऐवजी पलीकडे दोन-तीन वर्षं लांबवायची. मोठ्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर दहा-पंधरा खोल्या. एक नर्स, दोन अनुभवी मावश्या, खाली पाळणाघर, म्हणजे सहाव्या महिन्यापासून बाई कामावर जाऊ शकेल. भरतीला कागद एकच : वॉर्डाचं डिस्चार्ज कार्ड. आणि त्या घराचा पत्ता आधारला, रेशनला, बँकेला चालेल असा शासन निर्णय. त्यानंतर परवडणारी भाड्याची खोली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नव्या शहरी टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे, एकल बायकांना प्राधान्यही म्हटलंय. ते प्राधान्य हिच्यापर्यंत पोचवणारा दुवा म्हणजे हे माहेरघर.

जागा नाही, हे महापालिकांनी मला सांगू नये. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या पालिकेच्या शाळा आणि रिकामी कर्मचारी निवासस्थानं मी येता-जाता बघते. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी तीन टक्के निधी राखून ठेवलेला असतो. इंग्लंडने १९७७ च्या कायद्यातच लिहून टाकलं, की बेघर बाई गरोदर असेल तर तिला घर देण्यात प्राधान्य. तिथेही आज तात्पुरत्या खोल्यांत आया मुलांसह अडकून पडलेल्या असतात, सगळं आलबेल नाही. पण भांडताना तिथल्या बाईच्या हातात कायद्याचं कलम असतं. आपल्या बाईच्या हातात समाजसेविकेचा फोन नंबर असतो, तोही कार्यालयाच्या वेळेपुरता.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला अर्धंच ठाऊक आहे. बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला ती आली. अडीच महिन्यांच्या डोसलाही आली. बाळाने अंग धरलं होतं, म्हातारी बरोबर होती. साडेतीन महिन्यांच्या डोसला आली नाही. दोन आठवडे वाट बघून आरोग्यसेविकेने घरी जाऊन बघायचं म्हणून कार्ड काढलं. पत्त्याच्या रकान्यात सिस्टरने आमच्याच रुग्णालयाचं नाव लिहिलेलं होतं.